ओवीच्या रफ वह्या

"वह्या फारच सुंदर आहेत," नुआला म्हणाली. "आता मला याच्या आधीच्या दाखवता का?"

"आधीच्या म्हणजे?" केतकीने विचारलं.

"ज्यांत ओवीने पहिल्यांदा लिहिलं, त्या. खाडाखोड असलेल्या."

केतकीने माझ्याकडे पाहिलं. तिच्या नवऱ्यानेही, निनादनेही, माझ्याकडेच पाहिलं. मी चहाच्या कपाकडे पाहिलं. त्यांची अकरा वर्षांची मुलगी ओवी कोणाकडेच पाहत नव्हती. ती टेबलाच्या कडेवरून बोट फिरवत बसली होती.

त्या वह्या दहा दिवसांपूर्वी हिरव्या बिनमधून गेल्या होत्या. इथे रद्दी हिरव्या बिनमध्ये टाकायची असते, आणि पंधरवड्याने ट्रक येऊन ती घेऊन जातो. टाकायला मी सांगितलं होतं.

मी कोण, ते आधी सांगते. माझं नाव वीणा. सव्वीस वर्षं मी औषधांच्या कारखान्यांत कागद तपासते आहे. आधी तारापूरला, आणि गेली अकरा वर्षं आयर्लंडमध्ये, ड्रोहेडाजवळच्या एका प्लांटमध्ये. आमच्या खात्याला डॉक्युमेंटेशन म्हणतात. गोळ्यांचा प्रत्येक घाणा निघतो तेव्हा त्याच्यासोबत कागदांचं एक जाडजूड बाड निघतं. तो बॅच रेकॉर्ड. कोणी किती वाजता काय वजन केलं, कोणी तपासलं, मशीन मध्येच का थांबलं, सगळं त्यात लिहिलेलं असतं. मी ते पान पान वाचते. माझी सही झाल्याशिवाय माल गेटबाहेर जात नाही. प्लांटमधली माणसं मला वचकून असतात, आणि खोटं कशाला बोलू, मला ते आवडतं.

आमच्याकडे नवीन माणसाला पहिल्या दिवशी एक गोष्ट शिकवतात. काम करतानाच लिहायचं. पेनाने लिहायचं. चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा, सही करायची, तारीख घालायची. गिरवायचं नाही, व्हाइटनर लावायचा नाही. आणि पान कितीही मळलं, भिजलं, फाटलं, तरी ते नव्या पानावर उतरवून जुनं फेकायचं नाही. पहिल्यांदा लिहिलेलं पान हाच पुरावा. त्याला आम्ही रॉ डेटा म्हणतो. हे मी किती जणांना शिकवलं त्याची मोजदाद नाही.

केतकी मला भेटली मंडळाच्या कोजागिरीला, ब्लँचर्डस्टाउनमधल्या एका हॉलमध्ये. कागदी कपातलं मसाला दूध हातात तसंच धरून ती माझ्यापाशी आली. "वीणाताई, तुम्ही रेकॉर्डचंच काम करता ना? मला जरा मदत हवी होती."

ती मूळची पुण्याची, सॉफ्टवेअर टेस्टर. दोन वर्षांपूर्वी तिने नोकरी सोडली होती, ओवीसाठी. ओवी शाळेत बोलायची बंद झाली होती. कोणी मारलं नव्हतं, कोणी चिडवलं नव्हतं, निदान कोणाला कळेल असं काही झालं नव्हतं. घरी हळू आवाजात का होईना बोलायची, पण परक्या माणसासमोर आवाजच फुटायचा नाही. शाळेत अख्खं वर्ष एक शब्द नाही. पुढे पुढे सकाळी युनिफॉर्म अंगात गेला की उलटी. शेवटी केतकीने तिला घरी शिकवायचं ठरवलं.

आयर्लंडमध्ये मुलाला घरी शिकवणं कायद्याने चालतं. सरकारकडे नाव नोंदवायचं. मग एक असेसर येतो, म्हणजे मुलाचं शिक्षण नीट चाललंय का ते बघणारा माणूस. सगळं ठीक असेल तर नोंदणी होते, आणि काही काळाने पुन्हा आढावा होतो. ओवीची पहिली नोंदणी सहज झाली होती. आता आढाव्याचं पत्र आलं होतं. नोव्हेंबरच्या अखेरीला नवीन असेसर घरी येणार होती. हातात सहा आठवडे होते.

"यात घाबरण्यासारखं काय आहे?" मी विचारलं.

"निनाद म्हणतो, या वेळी अडलं तर जानेवारीत शाळा. आणि ताई, शाळा हा शब्द काढला तरी ती जेवत नाही."

पुढच्या शनिवारी मी त्यांच्याकडे गेले. निनादने दार उघडलं. सरळ माणूस. कोट काढायच्या आतच म्हणाला, "ताई, खरं सांगू? माझा या प्रकारावर फारसा विश्वास नाही. आपण सगळे शाळेत गेलो, काही बिघडलं का? पण केतकीने दोन वर्षं जीव ओतलाय. असेसर हो म्हणाली तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

ओवी किचनच्या टेबलाशी काहीतरी लिहीत होती. मला पाहिलं आणि वही तशीच उघडी टाकून जिन्यावर जाऊन बसली. गजांमधून तिचे मोजे तेवढे दिसत होते.

केतकीने प्रेस उघडलं. इथे कपाटाला प्रेस म्हणतात, आणि इथे राहून राहून आपणही तेच म्हणायला लागतो. आतून वह्यांचा ढीग अंगावर आला. एकाच वहीत गणित, इतिहास, पक्ष्यांची चित्रं, पॅनकेकचं प्रमाण दुप्पट करून मांडलेलं. विजेच्या बिलाच्या पाकिटामागे भागाकार. तारीख कुठे आहे, कुठे नाही. मी कपाळाला हात लावला. कामाला सुरुवात करण्याआधी फोटो काढायची मला प्लांटची सवय आहे, आधी काय अवस्था होती हे दाखवायला. सगळं टेबलावर पसरलं आणि एक फोटो काढला.

मग चाळायला बसले. समासात जिथे तिथे लिहिलेलं होतं. ओवीचं पेन्सिलने, इंग्रजीत. त्याखाली केतकीचं निळ्या पेनाने, मराठीत. केतकी म्हणाली, "तिला बोलायला जड जातं ना, म्हणून आम्ही असं बोलतो. मी मुद्दाम मराठीत लिहिते. तेवढंच वाचन होतं."

अपूर्णांकांचं एक गणित मला अजून आठवतं. तीन वेळा चुकलेलं. समासात ओवीने लिहिलं होतं, 'आय थिंक आय ॲम स्टुपिड.' खाली केतकीने लिहिलं होतं, 'तीनदा केलंस. मूर्ख माणसं एकदाच करतात.' चौथ्यांदा गणित बरोबर होतं आणि त्याच्या शेजारी एक छोटी गोगलगाय काढलेली होती.

मी म्हटलं, "हे तू असेसरला दाखवणार? मुलगी स्वतःला मूर्ख म्हणतेय?"

केतकीचा चेहरा उतरला. "मग काय करू?"

"फेअर काढायला लाव."

हे वाक्य कोणा आयरिश आईला सांगितलं असतं तर तिला कळलंच नसतं. केतकीला क्षणात कळलं. तिने पुण्यात आणि मी डोंबिवलीत तेच केलेलं होतं. रफ वहीत काहीही करा, फेअर वहीत सुवाच्य अक्षर, तांबडा समास, पहिल्या पानावर अनुक्रमणिका, वर खाकी कव्हर आणि लेबल. बाई तपासणार ती फेअर वही. रफ वही वर्ष संपलं की भेळवाल्याकडे. माझी फेअर वही बाई वर्गभर फिरवायच्या. मला वाटतं, मी या नोकरीत आले ती त्या वहीमुळेच.

"मलाही तेच वाटत होतं," केतकी म्हणाली, आणि जिन्याकडे वळून म्हणाली, "ओवी, आपण सगळं छान फेअर काढायचं हं."

जिन्यावरून अगदी बारीक आवाज आला. "ऑल ऑफ इट?"

"हो बाळा. पाच आठवडेच."

मग मी माझं सगळं कसब पणाला लावलं. विषयवार आठ वह्या. प्रत्येक वहीला नंबर. रोजच्या तासांचा तक्ता. वर्षभराचा रिपोर्ट मी स्वतः लिहून काढला: उद्दिष्ट, काय शिकवलं, कशाने शिकवलं, निष्पत्ती. केतकी रोज पानांचे फोटो पाठवायची. ओवीचं अक्षर मोत्यासारखं होत चाललं होतं. निनादही खूश होता. "आता कुठे हे शाळेसारखं दिसतंय," असं त्याने मला फोन करून सांगितलं. त्या पाच आठवड्यांत ओवी नवीन काहीच शिकली नाही, फक्त उतरवत बसली, हे आमच्यापैकी कोणाच्याच लक्षात आलं नाही. समासातलं अर्थातच उतरवायचं नव्हतं. मी तशी स्पष्ट सूचना दिली होती.

एकदा केतकीने फोनवर विचारलं, "ताई, जुन्या वह्यांचं काय करू?"

"काढून टाक. जुनं-नवं एकत्र राहिलं की गोंधळ होतो."

"ओवी नको म्हणतेय."

"अगं, मुलं म्हणतातच. त्यातलं सगळं आहे ना नव्या वहीत?"

त्याच पंधरवड्यात प्लांटमध्ये एक प्रकरण झालं. लीअम नावाचा आमचा जुना ऑपरेटर, त्याचं एक पान मशीन धुताना भिजलं. त्याने ते नव्या कोऱ्या पानावर जसंच्या तसं उतरवलं आणि भिजलेलं पान फेकलं. मी ते पकडलं. शाई कुठेच फिकी-गडद नव्हती, सगळे आकडे एका दमात लिहिलेले दिसत होते. मी त्याला खोलीत बोलावून म्हटलं, "पान भिजलं हा गुन्हा नव्हता. तू पुरावा फेकलास." तो म्हणत राहिला, "पण एकही आकडा बदललेला नाही." मी म्हटलं, "ते आता मी कशावरून मानायचं?" त्याला लाइनवरून काढून पुन्हा ट्रेनिंगला बसवलं. माझा मॅनेजर डेक्लन म्हणाला, "वीणा, जरा नरमाईने घे." मी घेतलं नाही. त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी ओवीच्या भूगोलाच्या वहीची अनुक्रमणिका टाइप केली. सांगायला लाज वाटते, पण हे दोन्ही एकाच टेबलावर चाललं होतं आणि माझ्या डोक्यात काही म्हणजे काहीच खटकलं नाही.

आणि मग ती भेट. सकाळपासून भुरभुर पाऊस होता. केतकीने विनवलं म्हणून मी रजा टाकून गेले होते. असेसर म्हणून आलेली नुआला साठीच्या आसपासची, निवृत्त शिक्षिका असावी. ओवीला तिने हॅलो म्हटलं आणि उत्तराची वाट न बघता बसली. आठही वह्या सावकाश चाळल्या. रिपोर्ट वाचला, तक्ता पाहिला. मनापासून कौतुक केलं. आणि मग तो प्रश्न विचारला.

"टाकून दिल्या," केतकी म्हणाली.

नुआलाने समजावून सांगितलं. "मला चुका बघायच्या असतात. मूल कुठे अडलं, कसं सुटलं, मार्चमध्ये कुठे होतं आणि आता कुठे आहे. या वह्यांत एकही चूक नाही. सगळं एका पेनाने, एका महिन्यात लिहिल्यासारखं दिसतंय. हे तिला येतं, की तिने फक्त उतरवलंय, हे मी कशावरून ठरवू?"

हे वाक्य माझं होतं. मी लीअमला म्हटलेलं.

नुआलाने बॅगेतून एक कागद काढला. "मागच्या असेसरने लिहून ठेवलंय की ही मुलगी वहीच्या समासात आईशी बोलते. छान बोलते, प्रश्न विचारते. मी खरं तर तेच बघायला आले होते." तिने गणिताची वही पुन्हा उघडली. प्रत्येक पानावर पट्टीने आखलेला तांबडा समास होता. सगळे कोरे.

मग तिने पेन्सिल घेतली, अपूर्णांकांच्या पानावर समासात एक प्रश्न लिहिला आणि वही ओवीसमोर सरकवली. मी शेजारीच होते म्हणून मला दिसलं. लिहिलं होतं, यातलं सगळ्यात अवघड कोणतं होतं? तिने पेन्सिलही ओवीच्या हाताशी ठेवली.

ओवीने प्रश्न वाचला. पेन्सिलला हात लावला नाही. कंपासपेटीतून खोडरबर काढलं आणि नुआलाने लिहिलेलं सावकाश, शेवटच्या अक्षरापर्यंत खोडून टाकलं. पान फाटू नये म्हणून दुसऱ्या हाताने दाबून धरलं होतं. मग फुंकर मारून कचरा उडवला, वही मिटली आणि बाकीच्या सात वह्यांवर नीट कडेला कड लावून ठेवली.

केतकी उठून सिंकपाशी गेली आणि नळ सोडला. धुवायला तिथे काहीच नव्हतं.

मी बोलले. "चूक माझी आहे. फेअर काढायला मी सांगितलं, समासातलं वगळायलाही मी सांगितलं, आणि जुन्या वह्याही माझ्याच सांगण्यावरून टाकल्या. या बाईने दोन वर्षं खरंच शिकवलंय. मी स्वतः पाहिलंय."

"माझा विश्वास आहे तुमच्यावर," नुआला म्हणाली. आवाजात राग नव्हता. "पण मी जे पाहिलं तेवढंच लिहू शकते."

तिने तेवढंच लिहिलं. दाखवलेल्या साहित्यावरून प्रगतीबद्दल खात्री देता येत नाही, सविस्तर तपासणी व्हावी. म्हणजे नोंदणी लगेच रद्द झाली नव्हती. नवीन वर्षात आणखी भेटी होणार होत्या, तोवर शिकवताना जमेल तसं साठवून ठेवा, असं तिने केतकीला फोनवर आपुलकीने सांगितलंही. मी म्हटलं, बघ, अजून संधी आहे. केतकीने दुसऱ्या दिवशी नवी कोरी वही ओवीपुढे ठेवली आणि समासात लिहिलं, 'आज काय करू या?' ओवीने तेही खोडलं. पुढच्या दिवशी पेनाने लिहून पाहिलं, तर ओवीने ते पान कापून काढलं, कात्रीने, अगदी सरळ रेषेत.

नाताळपर्यंत तिने समासात एक शब्द लिहिला नाही. घरातलं हळू आवाजातलं बोलणंही आटत गेलं. केतकी थकली. निनादने नोंदणीतून नाव काढून घेतलं आणि जानेवारीत ओवीला शाळेत घातलं. वेगळी शाळा, लहान, लोक चांगले आहेत म्हणतात. त्याच्यावर मी चिडू कशी? त्याने आधीच सांगितलं होतं. मला एवढंच म्हणाला, "ताई, तुम्ही मनापासून केलंत." यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

केतकीशी आता बोलणं होत नाही. भांडण झालेलं नाही. ती फोन उचलते, "सगळं ग्रँड," म्हणजे ठीक चाललंय, असं इथल्यासारखं म्हणते आणि ठेवते. ओवी शाळेत बोलते का, हे विचारायची माझी छाती होत नाही.

डेक्लनला मी हे सगळं एकदा कँटीनमध्ये सांगितलं. तो ऐकून घेत होता. शेवटी म्हणाला, "म्हणजे तू रॉ डेटा फेकलास."

"हो."

"लीअमला सांगितलंस?"

सांगितलं. लाइनवर जाऊन, त्याच्या शेजारी उभं राहून सांगितलं, आणि त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "ती पोरगी कशी आहे आता?" इतक्या माणसांत हा प्रश्न त्याने एकट्यानेच विचारला.

फेब्रुवारीत फोन साफ करताना तो पहिल्या शनिवारचा फोटो सापडला. टेबलभर वह्या. मधोमध ती उघडी वही, जी टाकून ओवी जिन्यावर गेली होती. मी बोटांनी फोटो मोठा केला. वर त्या दिवसाची तारीख होती. समासात ओवीने लिहिलं होतं, 'विल शी बी मॅड अबाउट द मेस?' म्हणजे हा पसारा पाहून ती रागावेल का? खाली निळ्या पेनाने केतकीचं उत्तर होतं, 'नाही गं. काकू मदत करायला येते आहे.'

मी तो फोटो केतकीला पाठवला. तिने पाहिल्याची खूण दिसली, उत्तर आलं नाही. मग मी तो कागदावर छापला. आमच्याकडे मूळ कागद हरवला तर हातातल्या प्रतीवर तशी नोंद करावी लागते, म्हणून खाली लिहिलं: 'मूळ वही उपलब्ध नाही. माझ्या सांगण्यावरून नष्ट केली.' सही केली आणि तारीख घातली.

आता मी कोणाच्या घरचे कागद लावून देत नाही. कोणी विचारलंच तर सांगते, आहे तसं प्रेसमध्ये राहू दे, आणि दार लावून घे.